तो चोवीस तासांचा बँड काढू नकोस

अगं,

रात्री दोनला मेसेज टाकलास की एमसीएफ-७ ला, म्हणजे स्तनाच्या कॅन्सरच्या त्या पेशींना, पीआय३के हे एंझाइम रोखणारं अल्पेलिसिब दिलं, तासाभरात फॉस्फो-एकेटी (वाढीचा निरोप पुढे नेणाऱ्या एकेटी प्रोटीनचं चालू रूप) खाली आला आणि चोवीस तासांना परत वर, बहुतेक अँटिबॉडीच बिघडली, आता वेस्टर्न (प्रोटीन बँडच्या, म्हणजे पट्ट्यांच्या, रूपात दाखवणारा ब्लॉट) रिपीट करू की ती लेनच काढून टाकू. काढू नकोस. बाकी सगळं नंतर.

त्या पेशींत पीआय३के-अल्फाचं ई५४५के म्युटेशन आहे, म्हणजे एंझाइम जास्तच जोरात चालतं, मेम्ब्रेनमधल्या पीआयपी२ या लिपिडवर फॉस्फेट चढवून पीआयपी३ करत राहतं आणि एकेटी मेम्ब्रेनकडे ओढला जातो. तासाभरात सिग्नल पडला म्हणजे औषध पोचलं ना? मग अँटिबॉडीला कशाला दोष देतेस? एकेटी दबला की फॉक्सो हे जीन चालू करणारं प्रोटीन न्यूक्लियसमध्ये शिरतं, एचईआर३ आणि इन्सुलिन रिसेप्टर हे बाहेरचा निरोप घेणारे रिसेप्टर वाढतात, पेशी दुसऱ्या वाटेने तोच सिग्नल उभा करते. बँड परत आला हेच तुझं उत्तर असू शकतं.

मला २००६ मध्ये एलवाय२९४००२ हे पीआय३के रोखणारं रसायन देऊन हाच बँड दिसला होता, एकदा नाही, तीनदा. मी ट्रान्सफर (जेलमधून ब्लॉटवर प्रोटीन उतरणं) नीट झालं नाही म्हटलं आणि फिगर सहा तासांवर थांबवली. थिसिसची मुदत जवळ आलेली, आई आजारी, या म्युटेशनचा शोध लागून जेमतेम दोन वर्षं झालेली, कोणाला विचारणार होते मी? त्या परिस्थितीत दुसरं काय करणार होते, हे मी आजही स्वतःला सांगते. पण २०११ मध्ये दुसऱ्यांच्या पेपरात तो रिबाउंड, म्हणजे सिग्नलचं परत वर येणं, छापलेला वाचला आणि त्या दिवशी जेवण गेलं नाही.

म्हणून ओरडतेय, काढू नकोस. अल्पेलिसिबला अमेरिकेत मान्यता मिळाली २०१९ मध्ये, फुल्वेस्ट्रंट या इस्ट्रोजेन रिसेप्टर रोखणाऱ्या औषधासोबत, आणि घेणाऱ्या कितीतरी बायकांची शुगर चढते, कारण लिव्हर आणि स्नायू इन्सुलिनचा निरोप याच एंझाइमकडून घेतात. शुगर चढली की इन्सुलिन वाढतं, आणि ते इन्सुलिन ट्यूमरमधला पीआय३के परत जागा करतं, उंदरांमध्ये हे २०१८ मध्ये दाखवलंय. शुगर हा नुसता साइड इफेक्ट म्हणून बाजूला ठेवला असता तर हे कळलंच नसतं.

उद्या दोन, सहा, बारा, चोवीस, अठ्ठेचाळीस तास असा टाइम कोर्स लाव, टोटल एकेटी (फॉस्फेट असो-नसो, सगळा) आणि एचईआर३ दोन्ही बघ, जुना ब्लॉट तारीख घालून वहीत चिकटव. गाईडना मी फोन करते, रागावले तर माझ्यावर रागावू देत.

आणि एक आधी सांग, एमसीएफ-७ वाढवायच्या मीडियात इन्सुलिन घालतेस का? किती?