'टुव्हिक्स'वरून चाहते अजून का भांडतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 'स्टार ट्रेक : व्हॉयेजर' या अमेरिकी अंतराळ-मालिकेतला 'टुव्हिक्स' हा एपिसोड तुम्ही नुकताच पाहिलात. शेवटी दोन लाडकी पात्रं सुखरूप परत आली, तरीही चाहते व्हॉयेजर या अंतराळजहाजाच्या कॅप्टन जेनवेला खुनी का म्हणतात? आणि तेही ६ मे १९९६ ला दाखवलेल्या एपिसोडवरून, इतक्या वर्षांनी?

माझ्या मते लोक जेनवेच्या निर्णयावर जेवढे चिडतात, त्याहून जास्त त्या निर्णयानंतर सगळे गप्प बसतात यावर चिडतात. हा वाद मी वर्षानुवर्षं वाचत आलोय, त्यात भागही घेतलाय, आणि दर वेळी गाडी याच ठिकाणी येऊन थांबते.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी कथा सांगतो. टुव्हॉक हा शिस्तीचा, भावना आवरून धरणारा, व्हल्कन या परग्रहवासी वंशाचा अधिकारी. नीलिक्स हा जहाजाचा बडबड्या, मायाळू स्वयंपाकी. दोघं एका ग्रहावर वनस्पती गोळा करायला जातात. तिथल्या ऑर्किडसारख्या फुलांमधल्या एका विकरामुळे (एन्झाइममुळे) ट्रान्सपोर्टरमध्ये, म्हणजे माणसांना क्षणात एका जागेवरून दुसरीकडे पोहोचवणाऱ्या यंत्रात, दोघांची सरमिसळ होते आणि फलाटावर एकच माणूस उभा राहतो. तो स्वतःचं नाव ठेवतो टुव्हिक्स. त्याला दोघांच्याही आठवणी आहेत, पण तो दोघांपैकी कुणीच नाही. काही आठवडे जातात. तो काम उत्तम करतो, स्वयंपाक उत्तम करतो, माणसं जोडतो. मग डॉक्टरांना दोघांना वेगळं करण्याची युक्ती सापडते. टुव्हिक्स म्हणतो, मला मरायचं नाही. जेनवे ती प्रक्रिया त्याच्या मर्जीविरुद्ध पार पाडते.

जेनवेच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा अजिबात हलका नाही. टुव्हॉकला बायको आहे, चार मुलं आहेत. जहाज घरापासून सत्तर हजार प्रकाशवर्षं लांब फेकलं गेलंय, पंचाहत्तर वर्षांचा प्रवास समोर आहे, आणि तरीही आज ना उद्या त्या मुलांना भेटायचं या आशेवर तो जगतोय. नीलिक्सची प्रेयसी केस त्याच जहाजावर आहे. या दोघांनी काही कुणासाठी जीव दिलेला नाही, त्यांना कुणी विचारलंसुद्धा नाही. जेनवे म्हणते की ते स्वतःसाठी बोलू शकत नाहीत, म्हणून त्यांच्या वतीने मला बोलावं लागेल. कॅप्टनच्या खुर्चीत बसलेल्या माणसाच्या तोंडी हे वाक्य शोभतं.

समोरची बाजूही तितकीच पक्की आहे, आणि तिला बळ याच विश्वातल्या जुन्या गोष्टींमधून मिळतं. १९८९ मध्ये 'द नेक्स्ट जनरेशन' या आधीच्या स्टार ट्रेक मालिकेत 'द मेझर ऑफ अ मॅन' हा एपिसोड आला होता. त्यात डेटा या यंत्रमानवाला खोलून अभ्यासायचं ठरतं, तो नकार देतो, आणि सुनावणीत निर्णय लागतो की डेटा कुणाची मालमत्ता नाही, स्वतःच्या शरीराबद्दलचा निर्णय त्याचा त्याने घ्यायचा. चाहते विचारतात, यंत्राला जो हक्क मिळाला तो टुव्हिक्सला का नाही? त्याच मालिकेत १९९३ मध्ये ट्रान्सपोर्टरच्या बिघाडातून रायकर या अधिकाऱ्याचे एकाचे दोन रायकर झाले होते. तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही की यातला एक जास्तीचा आहे, तो पुसून टाकू. तत्त्वज्ञान वाचलेले लोक इथे शल्यविशारदाचं उदाहरण आणतात: पाच रुग्णांना वाचवायला एका धडधाकट माणसाचे अवयव काढून घ्यावेत का? पाचासाठी जे चालत नाही ते दोघांसाठी कसं चालेल? त्यावर जेनवेवाले म्हणतात, पण इथे अवयव मुळात त्या दोघांचेच होते. आणि खरंच, उदाहरण तिथे अडतं.

आता ज्या दृश्यामुळे हा वाद विझत नाही, त्याकडे येतो. पुन्हा पाहणार असाल तर ब्रिजवरचा, म्हणजे जहाजाच्या नियंत्रण कक्षातला, प्रसंग थांबत थांबत पाहा.

त्याआधी टुव्हिक्स आणि जेनवे यांचं बोलणं होतं. ती म्हणते, टुव्हॉक असो वा नीलिक्स, दुसऱ्याचा जीव वाचवायला दोघांनीही स्वतःचा जीव दिला असता. तो हे नाकारत नाही. तो म्हणतो की काही लोक मला भ्याड म्हणतील हे मला कळतंय, पण माझ्यात दोन माणसांची जगण्याची इच्छा आहे. माझ्या दृष्टीने हे अख्ख्या मालिकेतलं सगळ्यात प्रामाणिक वाक्य आहे. स्टार ट्रेकमधला पाहुणा सहसा शेवटच्या दहा मिनिटांत थोर होतो आणि आपणहून बाजूला सरतो. टुव्हिक्स सरत नाही.

मग ब्रिजवर तो सगळ्यांसमोर उभा राहून गयावया करतो. एकेकाकडे वळून विचारतो, हे चुकीचं आहे हे तुम्हाला दिसत नाही का? ही तीच माणसं आहेत जी काल-परवापर्यंत त्याच्या हातचं खात होती, त्याच्याशी गप्पा मारत होती. कॅमेरा त्यांच्यावरून फिरतो. कुणी मान खाली घालतं, कुणी नजर चुकवतं. एकही आवाज उठत नाही. "कॅप्टन, जरा थांबा" एवढं म्हणायलाही कुणी पुढे येत नाही. शेवटी तोच शांत होतो आणि सगळ्यांना क्षमा करतो. टॉम राइट या नटाने हे असं काही केलंय की पाहणाऱ्याला त्या खोलीत आपणही उभे होतो आणि आपणही गप्प बसलो असं वाटतं. लोकांचा संताप मला तरी इथून निघालेला दिसतो. जेनवेवर तो नंतर जातो.

नंतर दवाखाना. डॉक्टर हा होलोग्राम, म्हणजे एक संगणकीय प्रोग्राम. तो म्हणतो, मी वैद्य आहे, कुणाला इजा करणार नाही, मी हे करणार नाही. जहाजावर 'नाही' म्हणणारा तो एकटा. जेनवे त्याला बाजूला करत स्वतः यंत्र चालवते. टुव्हॉक आणि नीलिक्स परत येतात, केस नीलिक्सच्या गळ्यात पडते, जेनवे दोन शब्द बोलून बाहेर पडते. दार मिटतं. केट मुलग्र्यूचा चेहरा दोन-तीन सेकंद दिसतो, जबडा घट्ट, डोळे समोर. संपलं.

पुढच्या आठवड्यात, १३ मे ला, 'रेझोल्यूशन्स' लागला. त्यात जेनवे आणि तिचा उपप्रमुख चकोटे आजारपणामुळे एका ग्रहावर अडकतात. टुव्हिक्सचा उल्लेख नाही. नंतरही मालिका त्या विषयाकडे वळत नाही. ज्याच्या शरीरातून हे सगळं गेलं त्या टुव्हॉकला त्याबद्दल काय वाटतं, त्याला त्या आठवड्यांमधलं काही आठवतं का, नीलिक्सला रात्री झोप लागते का, काहीच नाही. त्या काळी मालिकेचा प्रत्येक भाग स्वतंत्र ठेवायची पद्धत होती, कुणीही मधूनच बघायला लागला तरी समजलं पाहिजे म्हणून. इतर कथांना ते खपून गेलं. या कथेला खपलं नाही.

याची खात्री पटवायची असेल तर दोन एपिसोड शेजारी ठेवून बघा. पहिला १९९८ चा, 'डीप स्पेस नाइन' या स्टार ट्रेकच्याच मालिकेतला 'इन द पेल मूनलाइट'. त्यात कॅप्टन सिस्को फसवणूक करतो, खुनात भागीदार होतो, एका तटस्थ साम्राज्याला युद्धात ओढतो. नैतिकदृष्ट्या हे जेनवेच्या कृत्यापेक्षा सौम्य म्हणता येत नाही. तरीही चाहते त्या भागाला डोक्यावर घेतात. का? कारण सिस्को पूर्ण वेळ आपल्याशी बोलत असतो, काय केलं, का केलं, त्याचं ओझं किती, सगळं कबूल करतो.

दुसरा २००३ चा, 'एंटरप्राइज' या स्टार ट्रेक मालिकेतला 'सिमिलिट्यूड'. हा तर जवळजवळ 'टुव्हिक्स'चाच भाऊ. ट्रिप या जखमी अभियंत्याला वाचवायला त्याचा क्लोन वाढवतात. त्याचं नाव सिम. ट्रिपला वाचवताना सिमचा जीव जाणार हे पुढे कळतं. सिमलाही जगायचं असतं, कॅप्टन आर्चरही बळजबरी करायला तयार होतो. पण सिम शेवटी स्वतः तयार होतो, आणि त्याच्यासाठी रीतसर अंत्यविधी होतो, सगळे जण उभे असतात. यावरूनही चाहते बोलतात, पण हळव्या आवाजात बोलतात. टुव्हिक्सला ना संमती देता आली, ना कुणी त्याला निरोप दिला. निरोप द्यायचं काम प्रेक्षकांवर येऊन पडलं, आणि ते अजून चालू आहे.

आणखी एक गोष्ट नमूद करतो, कारण ती वादात खरोखर असते. जेनवे ही स्टार ट्रेक मालिकेची मुख्य नायिका असलेली पहिली स्त्री कॅप्टन. तिच्या प्रत्येक कठोर निर्णयाला जी भाषा वापरली जाते ती पुरुष कॅप्टनांच्या वाट्याला तितकी येत नाही. 'खुनी' हा शब्द किती सहज येतो ते बघा. टीका करा, पण सिस्कोलाही तीच फूटपट्टी लावा.

हा वाद इतका मुरलाय की मालिकेच्या लेखकांनाच त्याची दखल घ्यावी लागली. सप्टेंबर २०२३ मध्ये 'लोअर डेक्स' या अ‍ॅनिमेटेड स्टार ट्रेक मालिकेचा चौथा सीझन 'टूव्हिक्स' या भागाने सुरू झाला. त्यात तोच अपघात पुन्हा होतो, कॅप्टन फ्रीमन जुन्या नोंदी काढून जेनवेने काय केलं ते वाचते आणि हादरते. गंमत म्हणून केलेला भाग आहे, पण त्यांनी सुटका कशी काढली ते पाहण्यासारखं आहे: अशा सरमिसळ झालेल्या सगळ्या माणसांना आणखी एकत्र करून एक गोळा बनवला, ज्याला जाणीवच नाही, मग वेगळं करायला हरकत काय! म्हणजे मूळ प्रश्न सुटत नाही हे त्यांनीही मान्यच केलं. नको म्हणणारा कुणी समोर उरला नाही, म्हणून त्यांचं भागलं.

माझं मत विचारलंत म्हणून सांगतो. जेनवेने चूक केली असं मला वाटतं. जो समोर उभा राहून 'नको' म्हणतोय त्याचं म्हणणं, जे बोलू शकत नाहीत त्यांच्या अंदाजाने बांधलेल्या इच्छेपेक्षा वरचढ ठरायला हवं होतं. पण मी तिच्या जागी असतो तर केसला तोंड कसं दाखवलं असतं, हे मला सांगता येत नाही. टुव्हिक्स केसकडे मदत मागायला जातो, माझ्यासाठी कॅप्टनशी बोल म्हणतो. ती जाते, आणि रडत रडत सांगते की मला नीलिक्स परत हवाय. तिला टुव्हिक्स आवडू लागला होता, हे चुकीचं आहे हेही तिला कळत होतं, तरी ती तेच मागते. जेनवेबद्दल मत बनवण्याआधी तुम्ही तो प्रसंग एकदा परत बघा, आणि केसला काय उत्तर दिलं असतंत ते इथे लिहा. मला वाचायचंय.