मठातला पैलवान: ‘मंक’ला मराठीत काय म्हणावे?

देवगडहून एका वाचकाचा प्रश्न आला आहे. पावसाळ्यात सहाजण मिळून ते डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे एकेक पात्र घेऊन, फासे टाकत गोष्ट रचण्याचा खेळ, खेळतात आणि यंदा सगळा खेळ मराठीतून चालवायचा त्यांचा बेत आहे. फायटरला योद्धा मिळाला, विझर्डला जादूगार. गाडी अडली ती ‘मंक’पाशी. हा गडी मठात राहतो, ध्यानाला बसतो आणि नुसत्या हातापायांनी समोरच्याला लोळवतो. त्याला भिक्षू म्हणावे की साधू? त्याच्या ‘मोनॅस्टिक ऑर्डर’ला, म्हणजे मठातल्या मंडळींच्या संघाला, काय म्हणावे, आणि लढण्याच्या ‘ट्रॅडिशन’ला काय?

भिक्षू चूक नाही. शाओलिनचे लढवय्ये भिक्षूच, आणि खेळातल्या या पात्राचे मूळ वळण तिकडचेच आहे. पण आपल्याकडे भिक्षू म्हटले की चीवर, भिक्षापात्र आणि शांत चेहरा डोळ्यांपुढे येतो. दापोलीजवळच्या पन्हाळेकाजीच्या लेण्यांत जाऊन बघा. एकोणतीस लेणी, आधी बौद्ध, मग वज्रयानी म्हणजे तांत्रिक बौद्ध, पुढे नाथपंथी. त्या दगडी ओट्यावर बसलेला भिक्षू एकदम उठून कुणाला लाथ घालील, हे मनाला पटत नाही. शिवाय त्या शब्दात भीक मुरलेली आहे, हाणामारी नाही.

साधू, महाराज हे तर नकोच. आमच्या पडवीत भाच्याने एकदा “महाराजांनी राक्षसाच्या छातीत लाथ घातली” असे रंगवून सांगितले, तर आत घावणे काढणारी आई हातातल्या कालथ्यासकट बाहेर आली. “खयच्या म्हाराजांनी रे?” पुढचा अर्धा तास खेळ बंद.

तर माझे मत. ऑर्डरला सरळ आखाडा म्हणा. मठ आणि कुस्ती यांच्यामध्ये पूल बांधायची गरजच नाही, मराठीत तो आयता आहे. संस्कृत अक्षवाट, त्यावरून आखाडा. आपल्या तोंडी तो तांबड्या मातीचा हौदा; पण नाशिक-त्र्यंबकच्या कुंभमेळ्यात जुना, निरंजनी, महानिर्वाणी असे जे तेरा आखाडे स्नानाला उतरतात, ते संन्याशांचे, बैराग्यांचे आणि इतर साधूंचे संघ. एकेकाळी ते खरोखर शस्त्र धरत. बैराग्यांच्या आखाड्यांचे गट तर ‘अनी’ म्हणवतात, आणि अनी म्हणजे सैन्य. मठ ही राहण्याची जागा, आखाडा ही त्यातली माणसे. म्हणजे खेळात ‘यलो रोझ’ नावाचा मठ आहे, त्याची इमारत झाली पिवळ्या गुलाबाचा मठ, आणि तिथली मंडळी पिवळ्या गुलाबाचा आखाडा.

अशी दुपेडी आणखी एक गोष्ट आहे, गादी. मठाच्या प्रमुखाची गादी आपण जाणतो; अमुक स्वामी गादीवर बसले म्हणतो. महाराष्ट्र केसरीत मात्र गादी गट नि माती गट असतात, तिथे गादी म्हणजे मॅट. आता या खेळाची जुनी गंमत ऐका. मंक १९७५ साली खेळात आला. १९७८ च्या नियमपुस्तकात असे होते की वरच्या पायऱ्यांवर एका पदावर एकच मंक बसू शकतो, आणि ते पद हवे असेल तर आधीच्या धन्याला लढून हरवावे लागते. इंग्रजीत हे समजावायला त्यांना परिच्छेद लागला. मराठीत “गादीसाठी कुस्ती” एवढे म्हटले की झाले.

पण माझा खरा जीव जडला आहे तो दम या शब्दावर. खेळात मंककडे ‘की’ नावाची शक्ती असते, मोजून मापून खर्च करायची. की म्हणजे चिनी ‘ची’, मूळ अर्थ श्वास, वाफ. काहीजण तिला प्राण म्हणतात, काही तेज, कुणी कुंडलिनीपर्यंतही पोचतात. मी म्हणतो दम. दम दोन घरांतून आला आहे. फारसी दम म्हणजे श्वास: दम लागला, दम खा, दमा झाला. संस्कृत दम म्हणजे इंद्रियांना लगाम: शम-दमातला दम. मराठीत दोन्ही इतके मिसळले की “जरा दम धर” म्हणताना आपण श्वास आवरायला सांगतो की मन, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक नसते. तालमीत वस्ताद “पोराचा दम चांगला आहे” म्हणतो तेव्हा त्यात दोन्ही असते. आणि योगायोग बघा, २०२४ च्या नव्या नियमांत ‘की’ हे नाव काढून ‘फोकस’ केले, म्हणजे श्वास गेला आणि मनाची एकाग्रता आली. इंग्रजी पुस्तकाला शब्द बदलावा लागला. आपला दम दोन्ही आवृत्त्यांना पुरतो. “एक दम खर्च करून मी आणखी दोन ठोसे मारतो.” म्हणून बघा, जिभेवर कसे बसते.

लढण्याच्या परंपरेला इंग्रजीत ‘वे’ म्हणत, म्हणजे वाट. आपला पंथ म्हणजे वाटच, आणि संप्रदायही. नाथपंथ, महानुभाव पंथ. इथे जास्त डोके खाजवू नका. मात्र नावांचे शब्दशः भाषांतर केलेत तर फजिती होईल. ‘ओपन हँड’ला मोकळ्या हाताचा पंथ म्हटले तर ऐकणाऱ्याला ती दानशूर मंडळी वाटतील, पण “एकदाचे हात मोकळे करून घेतले” म्हणजे धुलाई केली, हेही आहेच, तेव्हा ते नाव चालू द्या. ‘फोर एलिमेंट्स’ला चार महाभूते म्हणाल तर प्रत्येकजण पाचवे कुठे गेले म्हणून विचारणार. चार्वाकाने आकाश वगळून चारच मानली होती, तेवढे उत्तर जवळ ठेवा. डावपेचांची नावे तालमीतून घ्या: पवित्रा, पेच, ढाक, धोबीपछाड. ‘स्टान्स’ला पवित्रा हा शब्द असताना ‘स्थिती’ किंवा ‘मुद्रा’ लिहिणाऱ्याचा मला राग येतो.

आता प्रत्यक्ष पात्र. माझी पसंती गोसावी. गोस्वामी, म्हणजे इंद्रियांचा स्वामी, हा त्याचा अर्थ वर सांगितलेल्या दमाशी जुळतो. आणि इतिहासात गोसावी फक्त झोळी घेऊन फिरला नाही. अनुपगिरी गोसावी ऊर्फ हिंमतबहादूर १७६१ मध्ये पानिपतावर शुजाउद्दौल्याच्या बाजूने आपल्या गोसाव्यांची फौज घेऊन उभा होता. हे लोक दशनामी, म्हणजे दहा नावांच्या संन्यासी परंपरेतले, म्हणून तुमच्या पात्रांना नावेही आयती मिळतात: गिरी, पुरी, भारती, सरस्वती, तीर्थ, सागर. देवगडात खेळताय तर कुणीतरी ‘सागर’ घ्यावे. गोसावी हे आडनावही आहे, तेव्हा मंडळींत कुणी त्या आडनावाचा असेल तर त्याची थट्टा होणार, ती त्याने सोसावी. धारकरी सुचवाल, पण धार म्हणजे तलवारीची, आणि हा तर रिकाम्या हाताचा.

एक मोह मात्र मलाही आवरला नाही, बुवा. मठाचा बुवा, भजनाचा बुवा. आपल्याकडची डबलबारी आठवा: रात्रभर दोन बुवा आमनेसामने, मागे पखवाज नि झांज, आणि गजरातून एकमेकांवर असे वार की ऐकणारा उभा राहतो. जाहिरातीवर लिहिलेलेही असते ‘जंगी सामना’. लढणारा बुवा कोकणाबाहेरच्याला खोटा वाटेल, आपल्याला नाही. पण बुवाबाजी या एका शब्दाने घात केलाय, म्हणून नाइलाजाने सोडून दिला. तुमच्या खेळात गाऊन जादू करणारा जो ‘बार्ड’ आहे ना, त्याला द्या.

प्रश्नाच्या शेवटी विचारले आहे की जुन्या नियमांतल्या मंकच्या सर्वात वरच्या पदाला, ‘ग्रँड मास्टर ऑफ फ्लॉवर्स’ला काय म्हणायचे. महंत हा शब्द बरा. पण ‘फुलांचा महंत’ म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे आमच्या देवळातला गुरवच उभा राहतो, देवाला पाकळ्या लावून कौल घेणारा. ओल्या पाकळ्या पाषाणाला चिकटवायच्या, गाऱ्हाणे घालायचे आणि कुठली पडते याची वाट बघत बसायचे. उजवी पडली तर हो, डावी तर नाही. हे मी पडवीत बोललो मात्र, पोरांनी वीस बाजूंच्या फाशालाच कौल म्हणायला सुरुवात केली. परवा भाच्याच्या गोसाव्याने कड्यावरून उडी मारली, फासा शेणाने सारवलेल्या जमिनीवर गडगडत उंबऱ्यापर्यंत गेला, आणि आई आतूनच ओरडली, “उजवो दिल्यान काय?”