घरी मटण बाटलीबंद करायला प्रेशर कॅनर कोणता घ्यावा? घरचा मोठा कुकर चालेल का?

तुम्ही कोल्हापुरात राहता, मुलगा बेंगळुरूला नोकरीला. त्याला घरचं मटण बाटल्यांत भरून द्यायचंय आणि कार्यासाठी घेतलेला २२ लिटरचा कुकर घरात पडून आहे. बरोबर ना?

तो कुकर या कामाला नको. प्रेशर कॅनर म्हणजे बंद बाटल्या एकसारख्या दाबाच्या वाफेत तापवायचं मोठं भांडं. आकाराचा प्रश्न नाही. माझा प्रेस्टो कंपनीचा २३ क्वार्टचा कॅनरही तेवढाच, जवळपास २२ लिटरचा. (भाचीनं अमेरिकेहून आणला. विमानतळावर तिला त्यावरून काय काय विचारलं, तो वेगळा किस्सा.) पण शिट्टीचा कुकर वाफ सोडतो तेव्हा दाब पडतो, मग पुन्हा चढतो. कॅनिंगला, म्हणजे बाटलीबंद करायला, दाब पूर्ण वेळ एकसारखा लागतो. अर्ध्या लिटरच्या बाटलीतल्या मटणाच्या तुकड्यांना ७५ मिनिटं. हे आकडे कॅनरवर तपासून ठरवलेत. कॅनर सावकाश तापतो, सावकाश निवतो, तेही त्या हिशोबात धरलेलं असतं.

एवढा काटेकोरपणा कशाला? मटणाला आंबटपणा नाही आणि बंद बाटलीत हवा नाही. बोट्युलिनम या विष तयार करणाऱ्या जंतूला हेच हवं असतं. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यात मरत नाहीत, त्यांना ११६ अंशांच्या वर तापमान लागतं. विष तयार झालं तरी वासाला किंवा चवीला काही कळेलच असं नाही.

आता निवड. अमेरिकन पुस्तिकांत वजनाच्या कॅनरला (झाकणावरचं वजन दाब धरून ठेवतं तो) १० पौंड दाब लिहिलेला दिसेल, पण तो साधारण ३०० मीटर उंचीपर्यंतच. कोल्हापूर साडेपाचशेच्या आसपास आहे, म्हणजे आपल्याला १५ पौंडाचं वजन. दाब दाखवणाऱ्या तबकडीच्या काट्यावर चालवलं तर ११ पौंड पुरतात, पण तो काटा दरवर्षी तपासून घ्यायचा असतो. इथं कोण तपासून देणार? म्हणून वजनावर चालणाराच घ्या. माझ्याला काटा आहे, पण मी १५ चं वजन डुलतंय का तेवढंच बघते.

दुसरी गोष्ट रबराची. माझ्या कॅनरची रिंग महाद्वार रोडच्या एकाही भांड्याच्या दुकानात मिळाली नाही. ऑल अमेरिकन नावाच्या दुसऱ्या कॅनरला रबरच नाही, धातूवर धातू बसतो आणि बाजूचे स्क्रू आवळायचे. महाग आणि जड आहे, पण आज घ्यायचा झाला तर मी तोच घेईन. दोन्ही अॅल्युमिनियमचे, तेव्हा इंडक्शन विसरा, गॅसच हवा. आणि कुणी म्हणालं ‘उद्यमनगरात करून घेऊ की’, तर हात जोडा. तिथले कारागीर हुशारच, पण अंदाजानं केलेल्या दाबाच्या भांड्याशी खेळ नको.

बाटल्या दोन भागांच्या झाकणाच्या मेसन जारच घ्या. जॅम-लोणच्याच्या रिकाम्या नकोत. वजन ठेवण्याआधी १० मिनिटं वाफ सुटू द्यायची. शेवटी गॅस बंद केला की काटा आपोआप शून्यावर येईपर्यंत हात लावायचा नाही. पहिल्या खेपेला मी घाईनं वजन उचललं, तर बाटल्यांतलं अर्धं पाणी बाहेर आणि कॅनरभर तवंग.

पांढरा रस्सा मात्र भरू नका. नारळाचं दूध, काजू, खसखस यांनी तो दाट होतो आणि उष्णता मधोमध पोचेल याची खात्री नसते. नुसते तुकडे, मीठ आणि वर अळणी (मटण शिजवलेलं साधं पाणी) भरायचं, तोंडाशी इंचभर जागा सोडून. मुलानं तिकडे कांदा-लसूण मसाल्याची फोडणी देऊन तांबडा करावा. बाटली उघडल्यावर बारा मिनिटं खळखळ उकळायची असतेच, ती त्यातच होऊन जाते.

महिन्याला दोन-तीन बाटल्याच लागणार असतील आणि त्याच्याकडे फ्रीज असेल, तर एवढा खर्च करू नका. सुकं गोठवून थर्माकोलच्या डब्यात बर्फासोबत रात्रीच्या बसनं येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवा. कॅनर यायच्या आधी आम्ही तेच करायचो.