तुमचे प्रश्न : ठराव वर, चहा खाली

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, गुहागर तालुक्यातला. आमच्याकडे अपंगांसाठी काम करणारी एक छोटी संस्था आहे, जुने अध्यक्ष गेल्या वर्षी वारले आणि सगळ्यांनी मिळून माळ माझ्या गळ्यात घातली. कमिटीत आम्ही नऊ जण, सगळे धडधाकट. आता मुंबईचे एक चाकरमानी गृहस्थ भावाच्या नावाने मोठी देणगी द्यायला तयार आहेत पण अट एकच, चाळीस खाटांचं वसतिगृह बांधायचं. आमची मुलं (मुलं कसली, पंचवीस-तिशीची आहेत) म्हणतात वसतिगृह नको, आम्हाला आमच्याच घरात राहायचंय, सकाळी मदतीला माणूस द्या आणि घरातनं रस्त्यापर्यंत येता येईल असं काहीतरी करा. देणगी नाकारली तर कमिटी मला उभा फाडेल. काय करू?

उत्तर : सर, आधी माझीच एक गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं बोलायला मला तोंड राहील. आमची संस्था नवीन होती तेव्हा मीटिंग व्हायच्या गावातल्या सोसायटीच्या माडीवर, कारण हॉल फुकट मिळायचा. अठरा पायऱ्या. एकदा स्वावलंबनावरचा ठराव होता, चांगला दोन पानी, मीच लिहिलेला. आमचे चार सभासद, दोन कुबड्यांवाले आणि दोन व्हीलचेअरवाले, खाली ओट्यावर बसलेले. वर ठराव एकमताने मंजूर झाला, टाळ्या वगैरे झाल्या आणि मग आम्ही त्यांच्यासाठी चहा खाली पाठवला. त्यातल्या एकीने कप घेतला आणि विचारलं, "ताई, आमचं काय ठरलं?" टोमणा नव्हता हो, तिला खरंच माहीत नव्हतं. आज इतकी वर्षं झाली तरी तो चहा मला पचलेला नाही.

म्हणून तुमचा प्रश्न वसतिगृहाचा आहे असं मला वाटत नाही. ठरवणारे वर आणि ज्यांचं ठरतंय ते खाली, खरी गोम तिथे आहे.

अमेरिकेत एड रॉबर्ट्स म्हणून एक माणूस होऊन गेला. चौदाव्या वर्षी पोलिओ, मानेखालचं शरीर जवळजवळ गेलेलं, रात्री श्वास चालवणाऱ्या यंत्राच्या लोखंडी पेटीत झोपायचा. १९६२ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात शिकायला गेला तर ती पेटी मावेल अशी खोलीच होस्टेलला नव्हती, त्याला कॅम्पसवरच्या हॉस्पिटलात ठेवलं. पुढे तिथे त्याच्यासारखे आणखी विद्यार्थी आले आणि त्यांनी एक गोष्ट आपल्या हातात घेतली, मदतनीस कोण ठेवायचा, त्याला काम कसं शिकवायचं आणि पटला नाही तर काढायचा कधी, हे सगळं ज्याला मदत लागते तोच ठरवणार. त्यातूनच १९७२ मध्ये बर्कलीत स्वतंत्र जगण्याचं केंद्र उभं राहिलं. ज्या सरकारी खात्याने एकेकाळी हा माणूस नोकरीच्या लायकीचा नाही म्हणून शेरा मारला होता त्याच खात्याचा तो १९७५ मध्ये प्रमुख झाला. आता अंगावर शर्टसुद्धा स्वतः चढवता न येणारा माणूस स्वतंत्र कसा, असं आपली कमिटी विचारेल. तर कुठला शर्ट आणि किती वाजता हे तो सांगतो म्हणून. स्वतःच्या हाताने सगळं करणं म्हणजे स्वातंत्र्य असेल तर तुम्ही-आम्हीही कुठे स्वतंत्र आहोत, माझं तर गॅस सिलिंडरसुद्धा शेजारचा पोरगा चढवून देतो.

तिकडे सरकारी पैसा घेणाऱ्या अशा केंद्रांना कायद्याचीच अट आहे की कार्यकारी मंडळात निम्म्याहून जास्त माणसं अपंग हवीत, आणि कर्मचाऱ्यांतही. आपल्याकडे तशी अट नाही पण तुम्हाला कोणी अडवलेलंही नाही ना. नऊपैकी पाच जागा. एकदम जमणार नाही, भांडणं होतील, कुणीतरी "त्यांना हिशेबातलं काय कळतं" म्हणेल (आमच्याकडे म्हणाले होते, आणि म्हणणाऱ्याने तीन वर्षं ऑडिटच केलं नव्हतं!). जो पहिला निवृत्त होईल त्याच्या जागी सभासदांतला एक, मग दुसरा, असं करा. मात्र विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसला चेंज रिपोर्ट गेलाच पाहिजे, तिथे आळस केला की पुढे बँकेत सह्यांपासून सगळं अडतं. आणि मीटिंग तळमजल्यावर. हे वेगळं सांगायला नको पण सांगते.

आता देणगीदार. ते वाईट नाहीत सर, त्यांना भावाचं नाव दगडावर बघायचंय, कुणाला नसतं वाटत. पण वसतिगृह म्हटलं की २०१६ च्या अपंग हक्क कायद्याखाली वेगळी नोंदणी आली, वॉर्डन आला, स्वयंपाकी आला, रात्रीचा माणूस आला, आणि देणगी भिंतींत संपते, पगार दर महिन्याला लागतात. शिवाय त्याच कायद्याचं पाचवं कलम सांगतं की अपंग माणसाला समाजात राहायचा हक्क आहे आणि अमुक ठिकाणीच राहा अशी सक्ती त्याच्यावर करता येत नाही. चाळीस खाटा बांधल्या की त्या भरायला लागतात, मग घरी सुखाने राहिलेल्या माणसालाही आपण गोड बोलून उचलून आणतो. हे मी होताना पाहिलंय.

त्यांना पत्र लिहू नका. गणपतीत ते गावी येतीलच, तेव्हा तुमच्या व्हीलचेअरवाल्या दोन मुलांना दर्शनाला बोलवायला सांगा. नुसतं एवढंच. आपल्याकडची घरं तुम्हाला माहीत आहेत, पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) उतरून खळ्यात म्हणजे अंगणात, खळ्यातनं जांभ्याच्या तीन-चार पायऱ्या, मग पडवी, मग वीतभर उंबरठा आणि मग माजघर. वाडी घरोघर आरत्या करत फिरते आणि ही मुलं खळ्यात बसून टाळ वाजवतात, आरती संपली की कुणीतरी प्रसाद बाहेर आणून देतं. पुन्हा तेच, आत आरती, बाहेर प्रसाद. यजमानांनी हे एकदा स्वतःच्या दारात उभं राहून बघितलं की मग हिशेब मांडा: एवढ्या पैशात किती घरांचे उंबरठे निघतील, किती न्हाणीघरांना पकडायचे दांडे लागतील, आणि उरलेली रक्कम ठेव म्हणून ठेवली तर व्याजातून किती मदतनिसांचे सकाळचे दोन-दोन तास निघतील. पाटी हवी तर मदतनीस योजनेलाच भावाचं नाव द्या, संगमरवरी करा हवी तर. आणि एवढं करूनही ते वसतिगृहावरच अडले तर हात जोडून चहा पाजून मोकळं करा त्यांना.

मदतनिसाचं एक. पगार संस्थेने थेट त्या बाईच्या हातात दिला तर ती संस्थेची नोकर होते आणि मुलगी बिचारी तिच्या वेळेवर आंघोळ करते. आम्ही पैसे मुलीच्या खात्यात टाकायला लागलो, मदतनिसाला ती देते. पहिल्याच महिन्यात तिने वेळ साडेनऊची साडेसहा करून घेतली कारण तिला सातची एस.टी. पकडून शिवणक्लासला जायचं होतं, आणि आम्हाला चार वर्षं वाटत होतं की तिला उशिरा उठायला आवडतं.

प्रश्न : माझा मुलगा २६ वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी आहे, बोलणं जरा जड पण बुद्धी तल्लख. रत्नागिरीत डेटा एन्ट्रीचं काम मिळालंय आणि मित्राबरोबर खोली घेऊन राहणार म्हणतो. संस्थावाल्यांनीच डोक्यात भरवलंय. पडला-बिडला तर जबाबदार कोण? शेजारी म्हणतात कोर्टातनं गार्डियनशिप काढून घ्या. – एक आई, राजापूर तालुका

उत्तर : वहिनी, काळजी कळते मला, पण गार्डियनशिप नको. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता या चारांसाठी १९९९ चा नॅशनल ट्रस्ट कायदा आहे, त्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून पालकत्व मिळतं, हे खरं. पण ते ज्याला स्वतःचे निर्णय खरंच घेता येत नाहीत त्याच्यासाठी. तुमचा मुलगा पगाराची बोलणी स्वतः करून आलाय. फक्त त्याच कायद्याखालची निरामय योजना त्याने काढलीय का विचारा, १ लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे, आणि यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) नसेल तर आधी ते.

पडेल का? पडेल कदाचित. तुमचा थोरला मुंबईला पहिल्यांदा गेला तेव्हा लोकलमधनं पडेल म्हणून त्याला ठेवून घेतलात का? संस्थावाल्यांना मात्र एक ठणकावून विचारा, पहिले तीन महिने आठवड्यातनं एकदा खोलीवर कोण जाणार. "प्रोत्साहन दिलं" म्हणून हात झटकणाऱ्या संस्था मला अजिबात आवडत नाहीत. आणि खोली बघायला तुम्हीही जा, पण त्याने बोलावल्यावर. संडास कमोडचा आहे का आणि दरवाजा बाहेर उघडतो का एवढं बघून या, आत उघडणारा दरवाजा माणूस आत पडल्यावर उघडत नाही.

प्रश्न : ग्रामपंचायतीच्या निधीतनं आमच्या घरापुढे रॅम्प झाला. घराचं जोतं अडीच फूट, रॅम्प दहा फुटांचा. वर जाताना दोघं ढकलायला लागतात आणि पावसात त्यावर शेवाळ येऊन बाबांची खुर्ची सरळ गडग्यात (दगडी कुंपणात) गेली. – दापोली

उत्तर : बाबांना फार लागलं नसावं अशी आशा. हा रॅम्प नव्हे, घसरगुंडी आहे. हिशेब सोपा आहे, एक फूट चढायला बारा फूट लांबी. म्हणजे अडीच फुटाला तीस फूट. अंगणात सरळ तीस फूट मिळत नाहीत म्हणूनच गवंडी दहात उरकतो, पण मधे पाच बाय पाचची सपाट जागा ठेवून रॅम्प वळवता येतो, पंधरा जायचं, वळायचं, पंधरा यायचं. दोन्ही कडांना चार बोटं उंच कट्टा आणि हाताला पाइप.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के भाग अपंगांसाठी खर्च करायचा असतो, तेव्हा ग्रामसभेत उभे राहा आणि तेवढाच रॅम्प दुरुस्त करून मागा, नवीन नको, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून फायली फिरतील. बाबांनाही घेऊन जा सभेला. ग्रामपंचायतीच्या दारात पायऱ्या असतील तर उत्तमच, सभा अंगणात घ्यायला लावा.

शेवाळाचं म्हणाल तर वर गुळगुळीत गिलावा करू देऊ नका, ओल्या सिमेंटवर खराट्याने आडव्या रेघा ओढायला सांगा. खळ्यावर पावसाळ्यात पत्र्याची शेड घालता ना, ती रॅम्पवर दोन हात पुढे ओढा. तरीही श्रावणापर्यंत हिरवं धरतंच, ब्लीचिंग पावडर टाकून दर आठ दिवसांनी तारेच्या ब्रशने घासायचं, आणि ते वाळेपर्यंत खुर्ची बाहेर काढायची नाही.