पॅकेज राहू द्या, आधी साधी लघवी तपासा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मिस्टर इथेच बडोद्यात फायरमन, वय ४१, नोकरी १७ वर्षं. त्यांच्या बरोबरचे एक जण कॅन्सरने गेले तेव्हापासून तुमची झोप उडालीय, आणि एका लॅबचं साडेसहा हजारांचं 'कॅन्सर पॅकेज' करावं का, असं विचारताय. मी याच धंद्यातून सब ऑफिसर म्हणून निवृत्त झालो आणि मूत्राशयाच्या कॅन्सरमधून स्वतः गेलोय, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

पॅकेजचे पैसे ठेवा. त्यात बहुतेक रक्तातले ट्यूमर मार्कर असतात. सीईए, सीए १९-९ वगैरे. एकदा कॅन्सर सापडला की उपचार लागू पडतायत का हे बघायला डॉक्टर ते वापरतात. धडधाकट माणसात कॅन्सर हुडकायला त्यांचा भरवसा नाही. आकडा थोडा वर आला तर महिनाभर घरात सुतक, आणि नॉर्मल आला तर माणूस बेफिकीर. यातलं दुसरं जास्त वाईट.

आता माझी गोष्ट. मे महिन्यात एका गोदामाची आग विझवून पहाटे घरी आलो. लघवीला गेलो तर रंग जांभळाच्या सरबतासारखा. दुखणं काही नाही. म्हटलं, उन्हाळी लागली. उन्हाळीत जळजळ होते आणि मला तर काहीच होत नव्हतं, पण रात्रभर आगीपुढे उभा राहिलेला माणूस खापर उष्णतेवरच फोडणार. बायकोने धने-जिऱ्याचं पाणी दिलं, दुसऱ्या दिवशी लघवी स्वच्छ. पाणी लागू पडलं म्हणून आम्ही खूश. गोम इथेच आहे. मूत्राशयातल्या गाठीचं रक्त असंच न दुखता येतं आणि आपोआप थांबतं. दोन महिन्यांनी पुन्हा आलं. एका डॉक्टरांनी इन्फेक्शनच्या गोळ्या दिल्या. काम काय करता हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. तिसऱ्या वेळी बायकोने बघितलं आणि ओढत युरॉलॉजिस्टकडे नेलं. त्यांचा पहिला प्रश्न होता, "काम काय करता?" सोनोग्राफी झाली, मग लघवीच्या वाटेने मूत्राशयात दुर्बीण. हरभऱ्याएवढी गाठ. पोट न फाडता दुर्बिणीतूनच काढली. ही गाठ परत उगवायची सवय असलेली, म्हणून आधी दर तीन महिन्यांनी, आता वर्षातून एकदा आत बघून घेतात.

२००४ पर्यंत मी विडी ओढायचो, तेही सांगून टाकतो. मूत्राशयाच्या कॅन्सरचं सगळ्यात मोठं कारण तंबाखूचा धूर. माझी गाठ विडीची की आगीची, हे कोणी सांगू शकत नाही. पण दोन्ही धूर एकाच पोटात गेले हे नक्की.

आगीचं म्हणाल तर तो आता नुसता संशय राहिलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवर काम करणारी संस्था आयएआरसी २००७ मध्ये फायरमनच्या कामाला 'कदाचित कॅन्सरकारक' म्हणत होती. २०२२ मध्ये तिने ते पहिल्या गटात, म्हणजे नक्की कॅन्सरकारक असलेल्यांत टाकलं. त्याच गटात तंबाखू आणि अ‍ॅस्बेस्टॉस आहेत. पुरेसा पुरावा दोन कॅन्सरचा: मूत्राशय आणि मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाचा. मोठं आतडं, प्रोस्टेट, वृषण वगैरेंचा पुरावा आहे, पण तेवढा पक्का नाही. अमेरिकेतल्या तीन शहरांतल्या सुमारे ३०,००० फायरमनचा जुना हिशोब तपासला तेव्हा कॅन्सर इतर लोकांपेक्षा ९ टक्के जास्त निघाला, त्याने मरणारे १४ टक्के जास्त. म्हणजे घाबरून नोकरी सोडावी असं नाही, पण डोळे मिटून बसावं असंही नाही.

लोकांना आम्ही उत्तरायणला मांज्यात अडकलेले पक्षी सोडवताना दिसतो, विश्वामित्रीच्या पुरात दिसतो. कूलिंगमध्ये कोणी बघत नाही. आग आटोक्यात आली की बीए सेट, म्हणजे श्वासासाठी हवेचा सिलिंडर आणि मास्क, पाठीवरून उतरतो, कोणीतरी चहा आणतो, आणि आम्ही उघड्या तोंडाने तासन् तास ढिगारा उपसतो. ज्वाळा नसतात म्हणून धोका गेला असं वाटतं. पण धुमसणाऱ्या फोम, प्लॅस्टिक, रंगातून बेंझिन, फॉर्मल्डिहाइड येतच असतं, आणि सिमेंटचे पत्रे तडकले असतील तर अ‍ॅस्बेस्टॉसची धूळही. शिवाय विष नुसतं नाकातून जात नाही. काजळी मानेला, काखेत, जांघेत बसते आणि घामेजलेली गरम कातडी ती शोषून घेते. मिस्टरांना एवढंच पटवा की बीए सेट कूलिंग संपेपर्यंत उतरवायचा नाही. आम्ही उतरवायचो, मर्दुमकी म्हणून. काजळलेला युनिफॉर्म ही आमची शान होती. कसली शान!

तुमच्या हातातलं काम धुण्याचं. जागेवरच साबणपाण्याने कोट धुतला तर वरची काजळी बरीच जाते. एका अभ्यासात ८५ टक्के गेली, नुसत्या ब्रशने २३. मान ओल्या वाइपने पुसली तर तिथली निम्मी. तेव्हा ड्यूटीच्या बॅगेत वाइपचं पाकीट टाका, स्टेशनवरच आंघोळ करून या म्हणा, आणि आगीचे कपडे वेगळ्या बंद पिशवीत आणायला सांगा. मुलांच्या कपड्यांबरोबर मशीनला लावू नका. आमच्या घरी माझी खाकी आणि बाळाची दुपटी एकाच बादलीत भिजायची, ते आठवलं की अजून पोटात कालवतं. सकाळी ड्यूटी बदलताना गाड्या चालू करून तपासतात, तेव्हा मागे उभं राहून गप्पा मारू नयेत. डिझेलचा धूरही २०१२ पासून त्याच पहिल्या गटात आहे.

आता तपासण्या. वर्षातून एकदा लघवीची साधी तपासणी, मायक्रोस्कोपसह. हिला फार खर्च नाही. लघवीत रक्त शोधून सगळ्या जगाची तपासणी करा असं कोणी म्हणत नाही, पण आमच्या धंद्यात ती करावी असं माझं मत. लाल पेशी निघाल्या किंवा डोळ्यांनी रक्त दिसलं, तर सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून थांबायचं नाही, दुर्बिणीचं विचारायचं. वयाच्या ४५ नंतर शौचातलं लपलेलं रक्त दरवर्षी. पीएसए, म्हणजे प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी, पन्नाशीनंतर, तेही डॉक्टरांशी बोलून. छातीचा एक्स-रे करून निर्धास्त होऊ नका, कॅन्सर लवकर पकडायला तो कामाचा नाही. कमी डोसचा छातीचा सीटी ज्यांनी वर्षानुवर्षं भरपूर सिगारेट ओढली त्यांच्यासाठी. आणि मिस्टर मावा खात असतील (आमच्या स्टेशनात न खाणारे दोनच होते) तर सगळ्यात आधी तोंड. पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवडे न भरणारी जखम, तीन बोटं उभी आत जात नसतील तर लगेच दाखवा. तिशी ओलांडलेल्यांची तोंडाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते. तिथे नाही जमलं तर सयाजी हॉस्पिटल आहेच.

मेसोथेलिओमा लवकर पकडणारी तपासणी नाही, आणि तो तीस-चाळीस वर्षांनी उगवतो. म्हणून एक वही ठेवा. तारीख, ठिकाण, काय जळत होतं, किती तास, मास्क होता का. १९९५ मध्ये अहमदाबादच्या एका ग्राहक संस्थेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांची आरोग्यनोंद कामाला लागल्यापासून ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, जे नंतर येईल तोवर ठेवायला सांगितलं. तो आदेश आपल्यासाठी नव्हता, पण मुदत बघा केवढी धरली. उद्या दावा करायची वेळ आली तर 'मी खूप आगी विझवल्या' याला किंमत नसते, वहीतल्या ओळीला असते. कुठल्याही डॉक्टरसमोर बसलं की मिस्टरांनी पहिलं वाक्य हेच बोलावं: मी फायरमन आहे, इतकी वर्षं.

ते ऐकणार नाहीत म्हणता. माझाही तोच वाण होता. वहीचं काम तुम्हीच घ्या. कॉलवरून आले की जेवायला वाढताना विचारा, आज काय जळत होतं. माझी बायको तसंच करायची आणि मला वाटायचं ती गप्पा मारतेय.