परदेशात लपवायचा मुंबईचा डबा

प्रश्न : आम्ही स्टुटगार्टला असतो. मुलांना जिओकॅशिंगचं जाम वेड लागलंय, दर रविवारी मोबाइल घेऊन रानात डबे शोधत फिरायचं. आता म्हणतात आपणही एक डबा लपवू, आपल्याकडचा. ह्यांचं म्हणणं आत छोटा गणपती, महाराजांचा फोटो आणि थोड्या चकल्या ठेवू. चालेल का?

उत्तर : ताई, चकल्या आधी बाहेर काढा. खायचं काही ठेवायला खेळाच्या नियमातच बंदी आहे आणि ते बरोबरच आहे, वासावर उंदीर नाहीतर रानडुक्कर येणार आणि डबा फोडणार. (बाकी वाचकांसाठी : २ मे २००० ला अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ऑरेगनमध्ये डेव्ह उल्मर नावाच्या माणसाने रानात एक बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले, तिथून हा खेळ सुरू झाला. डबा शोधा, आतल्या वहीत सही करा, एखादी वस्तू घेतलीत तर तेवढ्याच किंवा जास्त मोलाची ठेवा, बस.)

गणपतीचं म्हणाल तर धार्मिक किंवा राजकीय प्रचार वाटेल असा डबा खेळाच्या वेबसाइटवाले मंजूरच करत नाहीत. ते सोडा हो, पालापाचोळ्याखाली ठेवलेली मूर्ती उद्या कोणीतरी किचेन ठेवून उचलून नेणार, हे तुम्हालाच बघवेल का? त्यापेक्षा भोवरा ठेवा, सागरगोटे ठेवा, मुलांनी काढलेली वारली चित्रं ठेवा.

पण मला विचाराल तर आत काय ठेवलंय याला फार अर्थ नाही, महाराष्ट्र कोड्यात घाला. स्टुटगार्ट आणि मुंबई १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, म्हणजे निमित्त आयतंच मिळालंय. मिस्ट्री प्रकारचा कॅश (म्हणजे लपवलेला डबा) करा, त्यात नकाशावरचा ठिपका खोटा असतो आणि खरी जागा कोडं सोडवून काढायची, फक्त ती ठिपक्यापासून साधारण ३ किलोमीटरच्या आत हवी. आणि कोडं डबेवाल्यांचं! डब्याच्या झाकणावर मधला मोठा आकडा म्हणजे कुठल्या स्टेशनवर उतरवायचा, बाजूला बिल्डिंगची अक्षरं, मग मजला. एवढं वेबसाइटवरच्या वर्णनात जर्मनमध्ये समजावून सांगा आणि त्याच पद्धतीने अक्षांश-रेखांश लिहा, तेही देवनागरी आकड्यांत, म्हणजे आपला १ त्यांना नऊ वाटेल, ४ आठ वाटेल आणि मंडळी भलत्याच टेकडीवर जाऊन येतील :) असल्या कोड्यांसाठी तासन् तास बसणारे तिकडे पुष्कळ आहेत. खाली मराठीतही लिहा, एकापेक्षा जास्त भाषा चालतात.

आता डबा. स्टीलचा टिफिन मोह पाडतो पण त्यात पाणी शिरतं आणि वहीचा लगदा होतो, म्हणून चारी बाजूंनी क्लिपा असलेला प्लास्टिकचा पारदर्शक डबा घ्या, वर ठळक ‘जिओकॅश’ लिहा. स्टेशन, शाळा, पूल यांच्या जवळपास अजिबात नको. २०११ मध्ये इंग्लंडात वेदरबी गावात कॅफेबाहेरचा असाच एक डबा बॉम्ब समजून पथकाने उडवून दिला होता, आणि बेवारस वस्तूला हात लावू नका हे आपल्या लोकलमध्ये ऐकत मोठे झालेल्यांना हे वेगळं सांगायला नको. खड्डा खणून पुरायचा नाही, जागेच्या मालकाची परवानगी घ्यायची, दुसऱ्या डब्यापासून १६१ मीटर लांब ठेवायचा.

प्रश्न : आम्ही पुण्याहून मुलीकडे जर्मनीला दोन आठवडे जातोय. जाताना असा एक डबा लपवून येऊ का?

उत्तर : नको. वही भिजली, झाकण तुटलं तर डब्याच्या मालकाने जाऊन दुरुस्त करायचं असतं, पुण्यात बसून कसं करणार? मुलगी सांभाळत असेल तर तिच्या नावाने करा. नाहीतर ट्रॅव्हल बग न्या, म्हणजे नंबर असलेला बिल्ला, त्याला कोल्हापुरी चपलेचं किचेन अडकवा आणि तिथल्या एखाद्या मोठ्या डब्यात सोडा. लोक एका डब्यातून दुसऱ्यात नेतात आणि नोंद करतात, घरबसल्या बघायचं कुठे पोचलाय.

प्रश्न : उलटं करता येईल का? पुण्यात जपानचा कॅश?

उत्तर : येईल की! सिंहगड रोडचं पु. ल. देशपांडे उद्यान जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलंय, १० एकर, जागा अगदी फिट्ट आहे. पण बागेत डबा ठेवायचा तर महापालिकेची परवानगी लागेल, आणि झुडपात हात घालणाऱ्याला वॉचमन सोडणार नाही. म्हणून मल्टी कॅश करा : बागेत डबाच नाही, फलकावरचा एखादा आकडा वाचायचा, दिव्यांची किंवा पायऱ्यांची मोजदाद करायची, त्यावरून पुढचं ठिकाण काढायचं आणि खरा डबा बाहेर, जिथे परवानगी मिळेल तिथे. बागेच्या वेळा आणि तिकिटाचं वर्णनात आधीच लिहून टाका, नाहीतर लोक दुपारी बंद गेटसमोर उभे राहून तुम्हाला शिव्या घालतील.