रोज धावता, मग कंबर का आखडते?

बैठं काम करणाऱ्यांची पत्रं या वेळी बरीच आली. त्यातल्या निवडक प्रश्नांना इथे उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : मी हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे, वय ३६. आठवड्यातून पाच दिवस सकाळी ४५ मिनिटं धावतो. तरी संध्याकाळपर्यंत कंबर आखडते आणि परवा उपाशीपोटीची साखर १०८ आली. मग धावून उपयोग काय?
— एक वाचक, पुणे

उत्तर : धावणं सोडू नका. प्रौढांनी आठवड्याला मध्यम श्रमाचा व्यायाम १५० ते ३०० मिनिटं किंवा जोरकस व्यायाम ७५ ते १५० मिनिटं करावा, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशी सांगतात. त्या हिशेबात तुम्ही आरामात बसता. त्याच शिफारशींतली पुढची ओळ मात्र बहुतेक जण गाळतात : आठवड्यातून किमान दोन दिवस मोठ्या स्नायूंसाठी ताकदीचा व्यायाम. नुसत्या धावण्यात तो पुरेसा होत नाही.

खरी अडचण उरलेल्या नऊ-दहा तासांत आहे. मांडीचे आणि पोटरीचे स्नायू काम करतात तेव्हा रक्तातली साखर ओढून घेतात, आणि त्यासाठी ते इन्सुलिनवर फारसे अवलंबून राहत नाहीत. खुर्चीत हेच स्नायू जवळजवळ झोपलेले असतात. दुपारी एकला पोळी-भात खाऊन लगेच स्क्रीनसमोर बसलात, तर चढणारी साखर उचलायला कोणी नसतं; सकाळी सातचं धावणं तिथे फार कामाला येत नाही. म्हणून जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत दहा मिनिटं चाला आणि मग दुपारभर दर अर्ध्या तासाने दोन-तीन मिनिटं उठा. साध्या चालीने चाललात तरी चालेल, घाम यायची गरज नाही.

मोबाइलवर गजर लावून हे होत नाही. तिसऱ्या दिवशी हात आपोआप गजर बंद करतो. त्यापेक्षा टेबलावरची लिटरची बाटली काढून टाका आणि छोटा ग्लास ठेवा, म्हणजे पाण्यासाठी उठावंच लागेल. फोन आला की उभं राहा. स्वच्छतागृह एक मजला खालचं वापरा.

आखडलेल्या कमरेसाठी उठल्यावर हे करा. दोन्ही तळवे कमरेवर ठेवून सावकाश मागे झुका, पाच वेळा. झुकायचं कमरेतून, बरेच जण फक्त मान मागे टाकतात आणि संध्याकाळी मानदुखीची तक्रार करतात. मग एक पाय पुढे, मागचा गुडघा सरळ, ओटीपोट पुढे ढकलून ३० सेकंद थांबा; जांघेत ताण जाणवला पाहिजे. दोन्ही बाजूंनी करा. शेवटी हातांचा आधार न घेता खुर्चीतून दहा वेळा उठा-बसा, आणि वीस वेळा टाचा उचला. टाचा उचलताना उसळ्या मारू नका, खाली येताना दोन सेकंद घ्या. दोन तास बसून उठल्याबरोबर पायाचे अंगठे धरायला मात्र वाकू नका. तोवर मणक्यामागचे अस्थिबंध ताणून सैल झालेले असतात आणि चकत्यांवर उगाच भार येतो.

१०० ते १२५ ही उपाशीपोटीच्या साखरेची मधुमेहपूर्व पट्टी मानतात. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्तचाचणी) करून डॉक्टरांना दाखवा.

(हा विषय नवा नाही. १९५३ साली ब्रिटिश संशोधक डॉ. जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळला. पुढे त्यांनीच गणवेशांची मापं तपासली तेव्हा ड्रायव्हरांच्या कमरा तरुण वयातही मोठ्या निघाल्या. म्हणजे काही फरक नोकरीआधीचाच असावा; सगळा दोष बैठकीच्या माथी मारता येत नाही.)

प्रश्न : मी सहकारी बँकेत आहे, उंची पाच फूट. खुर्ची उंच केली तर पाय लोंबकळतात, खाली केली तर खांदे उचलून टाइप करावं लागतं. मान सतत दुखते. नवी खुर्ची मिळणार नाही.
— एक वाचक, लातूर

उत्तर : खुर्ची आहे तीच ठेवा, क्रम बदला. आधी कोपर, मग पाय, मग संगणकाचा पडदा.

कोपर टेबलाच्या पातळीला येईल इतकी खुर्ची उंच करा आणि पायाखाली आधार द्या. घरचा पाट आणा, नाहीतर ए-फोर कागदाची रिमं वापरा. एक रीम साधारण दोन इंच जाड असते, दोन-तीन रचली की काम होतं. पाय लोंबकळले की बैठकीची कड मांडीखाली रुतते, माणूस नकळत पुढे सरकतो, पाठ टेकणीपासून सुटते आणि डोकं पुढे येतं. म्हणजे तुमच्या मानेचं दुखणं बहुधा पायांपासून सुरू होतंय. बैठकीची कड आणि गुडघ्यामागची खळगी यांत दोन-तीन बोटांचं अंतर हवं. कमरेमागे पंच्याची गुंडाळी ठेवा, पण पट्ट्याच्या रेषेला. खाली सरकली तर ती तुम्हाला पुढे ढकलते.

पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, अंतर हातभर. चष्मा दुहेरी भिंगाचा असेल तर हा नियम उलटतो. खालच्या भिंगातून वाचायला हनुवटी वर करावी लागते आणि मानेचा मागचा भाग दबतो, तेव्हा पडदा आणखी खाली घ्या. व्हाउचर डावीकडे आडवी ठेवून संगणकात नोंदी करत असाल तर ती पडद्याशेजारी उभी टेकवा. ग्राहकाकडे वळताना कंबर पिळू नका, खुर्ची फिरवा. आणि टेबलाखालचा सीपीयू बाजूला करायला सांगा, तो गुडघ्यांची जागा खातो.

मानेसाठी : नजर समोर ठेवून हनुवटी सरळ मागे ओढा, पाच सेकंद धरा, आठ-दहा वेळा. मान गरागरा फिरवू नका.

दुखणं हातात उतरलं, पकड सैल झाली, किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर व्यायाम थांबवून थेट डॉक्टरांकडे जा. कंबरदुखीसोबत लघवीवरचा ताबा गेला किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

प्रश्न : रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते. दिवसभर माउसचं काम आहे.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : कोणती बोटं, ते पाहा. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट असेल तर नस बहुधा मनगटात दबते आहे. झोपेत मनगट सरळ ठेवणारा पट्टा औषध दुकानात मिळतो, तो रात्री बांधा. करंगळी असेल तर संशय कोपरावर. टेबलाच्या कडेवर कोपर टेकवून बसणं बंद करा. पहिल्या प्रकारात थायरॉइड आणि साखर तपासून घ्या, दोन्हींमुळे ही तक्रार वाढते.

प्रश्न : ऐरोलीत कॉल सेंटरला आहे, रात्री आठ ते पहाटे पाच. दिवसा चार तासांवर झोप होत नाही.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : चहा-कॉफीचा शेवटचा कप रात्री बारापर्यंत संपवा. पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मं पाच तासांनंतरही शरीरात असतं, त्यामुळे तीनचा चहा सकाळी झोपू देत नाही. घरी जाताना उजाडलं असेल तर गॉगल लावा, पोहोचल्यावर मोबाइल न उघडता जाड पडद्याच्या खोलीत झोपा. सलग सात तास जमत नसतील तर सकाळी पाच तास आणि ड्यूटीआधी दीड-दोन तास, अशी फोड चालते. सुट्टीच्या दिवशी पूर्ण उलटं वेळापत्रक करू नका. रोजच्या झोपेतले निदान चार तास त्याच वेळी ठेवा. मुख्य जेवण कामाला निघण्याआधी करा, मध्यरात्री हलकं. ड्यूटीत डुलकी घ्यायची मुभा असेल तर २० मिनिटांचीच, त्याहून लांबली की उठताना डोकं जड होतं.

प्रश्न : उभं राहून काम करायचं टेबल घ्यावं का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : उभं राहणं म्हणजे हालचाल नव्हे. तासन्‌तास एका जागी उभं राहिलं तर टाचा आणि कंबर दुखतात, पायांच्या शिरा फुगण्याचा त्रास वाढू शकतो. घेतलंच तर अर्धा तास उभं, अर्धा तास बसून, असं आलटून पालटून वापरा. लॅपटॉपवर काम असेल तर आधी वेगळा कीबोर्ड, माउस आणि लॅपटॉप उंच ठेवायला स्टँड घ्या. खर्च खूप कमी येतो आणि मानेला फरक लगेच कळतो.